पडदा सुटला त्या हिवाळ्यात

मी मेहकरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. पाचवीत असल्यापासून मला चष्मा आहे, तोही जाड भिंगांचा. चष्मा काढला की समोरच्या माणसाचं तोंड म्हणजे पाण्यात पडलेला रंगाचा ठिपका. त्यामुळे डोळ्यांनी काही वेडंवाकडं दाखवलं की मी आधी चष्म्यालाच दोष देते.

दिवाळीनंतरची गोष्ट. स्नेहसंमेलन तोंडावर आलं होतं आणि रंगमंचामागचा मोठा पडदा रंगवायचं काम माझ्याकडे होतं. डोंगर, देऊळ, मागे संध्याकाळचं आभाळ. रंगवताना उजव्या डोळ्याच्या कडेला मधूनच उजेड चमकून जायचा, कुणीतरी लांबून आरसा दाखवावा तसा. मग काळे धागे दिसू लागले. मान वळवली की तेही वळायचे, थांबले की हळूहळू खाली बसायचे. मी म्हटलं, रंगाचा वास डोक्यात गेला असेल.

एका सकाळी एका मुलीची वही तपासत होते. तिने बैलगाडी काढली होती. गाडीचं एक चाक मला दिसेना. वही सरकवली तर दुसरं चाक गेलं आणि पहिलं आलं. उजव्या डोळ्याच्या खालच्या बाजूला, नाकाकडच्या कोपऱ्यात, एक करडी सावली बसली होती. चष्मा पदराने पुसला. सावली तिथेच. चष्मा काढला, तरी ती होतीच.

मधल्या सुट्टीत मी बसस्टँडजवळच्या चष्म्याच्या दुकानात गेले. आता हे दुकान एक मुलगी चालवते, आधी तिचे वडील चालवायचे. डोळे तपासण्याचं रीतसर शिक्षण घेऊन ती गावात परत आली. माझ्या वर्गात होती, म्हणून अजून मला मॅडमच म्हणते.

"मॅडम, नंबर वाढला वाटते?"

"वाढला असेल. नाहीतर काचेवर चरा पडला असेल. खालचं दिसत नाही नीट."

ती चष्मा उजेडात धरून पाहू लागली आणि पाहता पाहता तिने विचारलं, "खालचं म्हणजे कसं? अंधुक, का दिसतच नाही?"

मी सावलीचं सांगितलं. तिने चष्मा काउंटरवर ठेवला. मला वाटलं आता नेहमीसारखं खुर्चीवर बसवेल, भिंगं बदलत "हे बरं का ते बरं" विचारेल. तिने तसं काही केलं नाही. समोर स्टूल ओढून बसली, माझ्या हाताने माझा डावा डोळा झाकायला लावला आणि म्हणाली, "माझ्या नाकाकडं पाहा. नजर हलवू नका. बोटं दिसली की सांगा."

वरून बोटं आली, दिसली. बाहेरच्या बाजूनं आली, दिसली. मग खालून यायची होती. मी वाट पाहत राहिले. तिचा हात कुठेच नव्हता. एकाएकी तो तिच्या हनुवटीपाशी उगवला, जणू भिंतीमागून वर आला.

"आत्ता दिसला," मी म्हटलं.

"बराच वेळचा हलवून राह्यली मी," ती म्हणाली.

तिने दुकानातला दिवा मालवला आणि हातातल्या बारीक उजेडाच्या यंत्रातून माझ्या डोळ्यात पाहिलं. ती इतकी जवळ आली होती की तिचा श्वास मला ऐकू येत होता. "वर पाहा. खाली. कानाकडं." तिने दोन्ही डोळे आळीपाळीने पाहिले, पुन्हा उजवा पाहिला. दिवा लावला. मग उजेड कधीपासून चमकतो, धागे कधीपासून आहेत, सावली आधी होती त्यापेक्षा मोठी झाली का, असं एकेक विचारत गेली.

"मॅडम, हे चष्म्याचं काम नाही. आज मी तुमचा नंबर काढत नाही."

"काऊन?"

"डोळ्याच्या मागं पडदा असते ना, तो एका बाजूनं सुटून राह्यला असं वाटते मले. मी डॉक्टर नाही. मले आतलं सगळं दिसत नाही. पण जेवढं दिसलं त्यावरून तुम्ही आजच अकोल्याले जा. पडद्याच्या डॉक्टरकडं."

मला भीती वाटायच्या आधी हसू आलं. "अगं, पुढच्या आठवड्यात संमेलन आहे. माझा पडदा अर्धाच रंगवून झालाय."

ती हसली नाही. "तुम्ही आत्ता माझं तोंड पाहून राह्यल्या. उजव्या डोळ्यानं. नाक, डोळे, टिकली, सगळं दिसते ना? म्हणजे मधला भाग अजून जागेवर आहे. तो सुटायच्या आत पोचायचं. तो सुटल्यावर ऑपरेशन होते, पण नजर पहिल्यासारखी येईलच असं नाही. म्हणून आज म्हणते."

तिने माझ्यासमोरच अकोल्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. कोणता डोळा, सावली कुठून कुठवर, कधीपासून, चष्म्याचा नंबर किती, मधली नजर कशी, मला साखर आहे का, सगळं तिने न अडखळता सांगितलं. मधेच माझ्याकडे वळून विचारलं, "सकाळपासून काय खाल्लं?" आणि माझं उत्तर तिकडे कळवलं. मी तिच्याकडे पाहत होते. माझ्या वर्गात असताना ही मुलगी नाव विचारलं तरी मान खाली घालायची. आता ती माझ्या डोळ्याच्या आतल्या एका गोष्टीबद्दल बोलत होती, जी मी जन्मभर सोबत बाळगली आणि कधी पाहिली नव्हती.

फोन ठेवून तिने एक चिठ्ठी लिहिली. "मागच्या सीटवर उताण्या पडून जा म्हणाले. मान जास्त हलवू नका. गाडी हळू न्यायची." माझ्या नवऱ्यालाही तिनेच फोन केला. त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे. शटर अर्धं ओढून ते शेजाऱ्याची गाडी घेऊन आले.

अकोल्यापर्यंतचा रस्ता मी पडल्या पडल्या काचेतून पाहिला. विजेचे खांब, कडुनिंबाचे शेंडे आणि निळं आभाळ. पातूरचा घाट उतरताना प्रत्येक वळणावर मी डावा डोळा मिटून सावली कुठवर आली ते बघायची. नवरा पुढून विचारायचा, "आहे ना तेवढीच?" मी म्हणायची, "आहे तेवढीच." खरं तर ती थोडी वर सरकली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, बाहुली मोठी होईपर्यंत थांबवलं आणि डोक्याला दिवा बांधून बराच वेळ आत पाहिलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "वरच्या बाजूला पडदा फाटलाय, तिथून पाणी मागे शिरतंय. मधला भाग अजून चिकटलेला आहे. वेळेवर आलात. उद्या सकाळी पहिलं तुमचं घेतो."

मी विचारलं, "वर फाटलाय तर मला खालचं का दिसत नाही?"

त्यांनी डोक्यावरचा दिवा सोडून माझ्याकडे पाहिलं. बहुधा हा प्रश्न फार कुणी विचारत नसावं. "डोळ्यात चित्र उलटं पडतं, मॅडम. जमीन वर, आभाळ खाली. सुलटं करायचं काम मेंदू करतो."

आयुष्यभर मी मुलांना क्षितिज कुठे आखायचं ते शिकवत आले. आणि माझ्याच डोळ्यात एवढी वर्षं आभाळ खाली होतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी काळजी करायला हवी होती. मी दवाखान्यातल्या खाटेवर पडून याच गोष्टीचा विचार करत होते.

सकाळी मला आत नेलं. डोळ्याशेजारी इंजेक्शन दिलं, तेवढं दुखलं. मग डोळा जड झाला आणि आपला राहिला नाही. तोंडावर हिरवं कापड आलं. डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं: डोळ्याच्या आत जेलीसारखा पदार्थ असतो तो काढायचा, पडदा जागेवर बसवायचा, फाटलेल्या जागेभोवती लेझरचे डाग द्यायचे आणि पडदा दाबून राहावा म्हणून आत गॅस भरायचा. हे सगळं मी जागी असताना. पण मला काही दिसेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. डोळ्यावरच काम चालू असताना डोळ्याला काय दिसणार, असंच मी धरून चालले होते.

आधी नुसतं करडं होतं. मग त्या करड्यात एका बाजूने उजेड आला. तो बाहेरून येत नव्हता. आजवर प्रत्येक उजेड मी समोरून येताना पाहिला होता, हा आतच पेटला. त्याच्यासमोर एक काळी बारीक काडी तरंगत आली आणि थांबली. तिच्याभोवती धुरासारखं काहीतरी फिरू लागलं. ते काडीकडे ओढलं जायचं, तिच्या टोकाशी नाहीसं व्हायचं, मागून आणखी यायचं. मला कळलं की माझ्या डोळ्यातली जेली निघताना मी पाहते आहे. माझा पाय आपोआप हलला.

"ताई, हलू नका," डॉक्टर म्हणाले.

"हलत नाही," मी कापडाखालून म्हटलं. "मला दिसतंय."

हात थांबला असावा, कारण काडीही थांबली. "काय दिसतंय?"

"तुमची काडी. आणि धूर."

"घाबरलात का?"

मी खरोखर विचार करून सांगितलं, "नाही. तुम्ही चालू ठेवा."

त्यानंतर जे दिसलं ते मला अजून पूर्ण सांगता येत नाही. धूर विरळ होत गेला. मागून रंग वर आले, जांभळ्याच्या जवळचे, पण जांभळे नव्हेत. एका क्षणी फांद्या फुटलेल्या काळ्या रेषा पसरलेल्या दिसल्या, सुकलेल्या नदीच्या पात्रासारख्या. त्या माझ्याच रक्तवाहिन्यांच्या सावल्या असाव्यात. मग एक मोठी लाट वरून खाली आली, सगळं तिच्यामागे वाकलं आणि पुन्हा सरळ झालं. मग लेझर. हिरव्या ठिणग्या एकामागून एक, शांतपणे, कुणीतरी अंधारात टाके घालत असावं तशा. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. कितीदा तरी मनात आलं की हे संपू नये.

बाहेर आल्यावर नवऱ्याने हात धरला. "लई दुखलं काय?" त्यांनी विचारलं. माझ्या डोळ्यातून पाणी येत होतं. त्यांना वाटलं दुखतंय. मी नाही म्हणून मान हलवली, आणि नर्स ओरडली की मान हलवायची नाही.

घरी परतण्याची परवानगी मात्र मिळाली नाही. "तुमचं मेहकर घाटावर," डॉक्टर म्हणाले. "उंचावर हवेचा दाब कमी होतो, आतला गॅस फुगतो आणि डोळ्यावर ताण येतो. गॅस पूर्ण जिरेपर्यंत घाट चढायचा नाही." म्हणून मी खामगावला धाकट्या बहिणीकडे राहिले. अकोल्याहून तिथवर सपाट रस्ता आहे.

सुरुवातीचे दिवस जवळजवळ पालथं राहायचं होतं. बहिणीने पलंगाच्या कडेला उशा रचून माझ्या तोंडासाठी खड्डा केला. खाली शहाबादी फरशी. कापसाचा हंगाम होता. दार उघडलं की जिनिंगकडून उडालेली रुई आत यायची आणि फरशीवर घरंगळायची. बहीण ती ओल्या फडक्याने टिपत राहायची, माझ्या डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून. जेवायचं मान खाली घालून, बोलायचं मान खाली घालून. बहीण ताट घेऊन खाली फरशीवर बसायची, म्हणजे मला तिचं तोंड दिसे.

पट्टी निघाल्यावर उजव्या डोळ्याने नुसता दुधी उजेड दिसायचा. एकदा कंटाळून मी हात तोंडाशी आणला. बोट पापणीला लागेल इतकं जवळ गेलं आणि एकदम त्यावरच्या रेषा उमटल्या. एकेक वळण, एकेक खाच, रेषांमधले बारीक घामाचे थेंबसुद्धा. चष्मा नाही, भिंग नाही. मी बहिणीला हाक मारली. "काय झालं?" ती धावत आली. मी म्हटलं, "तुझं बोट दे." तिचं बोट पाहिलं. मग साडीचा काठ पाहिला, एकेक धागा दोरासारखा जाड. मग रुईचा एक पुंजका. त्या पुंजक्यात प्रत्येक तंतू वेगळा होता आणि स्वतःभोवती पीळ घेत गेला होता. आमचं घर कापसाच्या मुलखातलं, आणि कापूस मी पहिल्यांदा तेव्हा पाहिला.

"वेडी झाली वं तू," बहीण म्हणाली. पण मग तीही काही ना काही आणून माझ्या डोळ्यासमोर धरू लागली. मोहरीचा दाणा, मेथीचं पान, मीठ.

पुढे गॅस कमी होऊ लागला आणि डोळ्यात वरून एक रेषा उतरली. रेषेच्या वर स्वच्छ दिसायचं, खाली पाणी हलावं तसं हलायचं. मान डावीकडे कलती केली तरी रेषा आडवीच. उजवीकडे केली तरी आडवीच. गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा माझ्या डोळ्यात राहायला आला होता. मी चालले की तो डुचमळायचा.

तो अर्ध्यावर असताना तपासणीला अकोल्याला गेले. बाकावर शेजारी सोनाळ्याचे एक शेतकरी आणि त्यांची बायको बसले होते. संत्र्याची बाग असलेली माणसं. खामगावच्या एका चष्मेवाल्याने त्यांना चिठ्ठी देऊन इथे पाठवलं होतं, पण तेव्हा बागेत तोड चालू होती, म्हणून ते लगेच आले नव्हते.

"एकदा येऊन परत गेले हे," बाई मला म्हणाल्या. "सुई म्हटलं का उठून चालले."

"जागेपणी डोयात सुई घालतील," ते म्हणाले, "अन् मी पाहत राहू काय?"

मी म्हटलं, "हो. पाहायचं."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी डोळ्याकडे बोट केलं आणि जे पाहिलं होतं ते सगळं सांगितलं. आत पेटलेला उजेड, काडी, धूर, हिरव्या ठिणग्या. डोळ्याशेजारचं इंजेक्शन दुखतं तेही सांगितलं. ते ऐकत राहिले. बाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

"भेव नाही वाटलं?" त्यांनी विचारलं.

"आधी वाटलं. मग विसरले."

"अन् दिसाले लागलं?"

"लागतंय हळूहळू. पण माझा मधला भाग जागेवर होता. तुमचं डॉक्टर सांगतील."

त्यांच्या नावाचा पुकारा झाला. ते उठले, दोन पावलं गेले, परत आले आणि बायकोला म्हणाले, "ताईचा फोन नंबर घेऊन ठेव."

पुढे बुडबुडा लहान होत होत वाटाण्याएवढा झाला. तो नजरेच्या तळाशी गोल फिरायचा. एका सकाळी चहा पिताना त्याचे दोन झाले, दुपारी एकच उरला आणि दुसऱ्या दिवशी नव्हता. मी खिडकीशी उभी राहून दोन्ही डोळे आळीपाळीने मिटून पाहिले. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांची ओळ टोकापर्यंत पूर्ण होती. मला थोडं चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं.

घाट चढून घरी आले आणि संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात गेले. तिने दिवा मालवला आणि आत पाहिलं, पहिल्या दिवसासारखंच जवळ येऊन.

"सगळीकडून लाल दिसून राह्यलं, पाहिजे तसं," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी वर करडं होतं."

मग तिने गिऱ्हाईकाला थांबायला सांगितलं आणि स्टूल ओढून बसली. "सांगा मॅडम. आत काय झालं ते सगळं सांगा. मी इथून चिठ्ठी देते अन् माणूस दारातून जाते. कोणी पोचते, कोणी अर्ध्यातूनच घरी. पोचले ते परत येऊन एवढंच म्हणते, झालं ऑपरेशन."

मी सांगत गेले. काडीपाशी धूर ओढला जातो हे सांगितलं तेव्हा तिने स्वतःच्या डोळ्यावर हात ठेवला. नंतर दवाखान्यात काढलेला माझ्या पडद्याचा फोटो मी तिला मोबाईलवर दाखवला. काळ्या आभाळात उगवलेल्या नारिंगी चंद्रासारखा गोळा, त्यावर लाल नद्या, आणि वरच्या कडेला लेझरच्या फिकट ठिपक्यांची रांग. ती तो बराच वेळ बघत राहिली. थांबलेलं गिऱ्हाईकही वाकून बघू लागलं. "हे काय आहे?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "मॅडमचा डोळा."

उन्हाळ्याच्या तोंडाशी सोनाळ्याहून त्या शेतकऱ्यांचा फोन आला. त्यांचं ऑपरेशन झालं होतं. गॅस जिरला होता.

"दिसते का?" मी विचारलं.

"दिसते. झाड दिसते, माणूस दिसते. पेपर नाही वाचता येत त्या डोयानं. रेघ वाकडी होते. डॉक्टर म्हणे, मधला पडदा लई दिवस सुटेल होता, एवढं आलं हेच खूप." आवाजात तक्रार नव्हती. "आता लहान्या भावालेही नेलं तपासाले. त्यालेही जाड चष्मा आहे."

"आणि आत? आत काही दिसलं?"

"दिसलं ना. तुमच्यावानी धूर नाही दिसला मले. बागेत पाणी सोडलं का दांडानं कसं सरकत येते, तसं आलं. झाडाझाडाच्या बुडाले फिरून पुढं चाललं. मी पाहतच राह्यलो. डॉक्टर मले विचारे का झोपले काय म्हणून."

"रंग कोणता होता?"

मागे कुठेतरी पाण्याच्या मोटारीचा आवाज चालू होता.

"ते नाही सांगता येत ताई," ते म्हणाले. "तसा रंग इकडं बाहेर नाही."